ऐंशीचे दशक नेमके कुणाचे? 'बनवाबनवी', भीमगीतांच्या कॅसेट आणि आपल्या आठवणींचा प्रश्न



गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर ऐंशीच्या दशकाचा मोठा बाजार भरला आहे. कॅसेट आणि पेन्सिलीचा फोटो, दूरदर्शनचे फिरत येणारे बोधचिन्ह, चित्रहार, 'हमारा बजाज'ची जाहिरात, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे विनोद, आणि खाली ठरलेले वाक्य : किती साधे, किती निरागस दिवस होते ते! आपल्या चळवळीतील तरुणही या पोस्ट हौसेने पुढे पाठवतात. त्यात गैर काही नाही. गाणे आवडले तर आवडले, पिक्चर बघून हसू आले तर आले.

पण 'निरागस' हा शब्द आला की आम्हाला थांबावेसे वाटते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि मराठवाड्यातील खेड्याखेड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. त्यानंतरचे संपूर्ण दशक मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या आणि तुरुंग यांत गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. म्हणजे ज्यांना ऐंशीचे दशक 'निरागस' वाटते, त्यांच्या आणि आपल्या कॅलेंडरमध्ये फरक आहे. वर्षे तीच आहेत, पण त्या वर्षांत काय घडले याची यादी वेगळी आहे.

आमचा जन्म ते दशक संपता संपता झाला. त्यामुळे आमच्याकडचे ऐंशीचे दशक हे मिळालेले आहे : वडिलांच्या कॅसेटच्या पेटीतून, आईच्या बोलण्यातून, वस्तीतील थोरल्या भावंडांकडून. टीव्ही वस्तीत एखाददुसऱ्या घरी असे, आणि तो बघायला दारात किंवा खिडकीशी उभे राहावे लागे. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत भाड्याने व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघण्याची पद्धत होती. १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना आला, आसपास छोटे कारखाने उभे राहिले आणि गावाकडची माणसे कामाला शहरात आली. 'हमारा बजाज'ची जाहिरात १९८९ ची. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती, स्कूटर मात्र पुढे पंधरा वर्षांनी आली, तीही जुनी.

या आठवणी गोड आहेत. म्हणूनच त्या तपासून घेतल्या पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

हिरोला आडनाव काय होते?

आधी सिनेमाकडे पाहू. या शहरात मोहन, सादिया, अंबा-अप्सरा या टॉकीजच्या खालच्या दराच्या तिकिटांवर कोण बसत होते? रिक्षावाले, हमाल, बांधकामावरचे मजूर, आणि त्यांत आपली माणसे भरपूर. अमिताभ बच्चन त्यांचा होता, कारण तो पडद्यावर गोदी कामगार झाला, हमाल झाला, बेवारस झाला आणि मालकाच्या कॉलरला हात घालू शकला. मिथुन त्यांचा होता, कारण तो सावळा होता आणि १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये रस्त्यावर गाणाऱ्या पोराचा मोठा स्टार झाला. आमच्या वस्तीतील एका पिढीने मिथुनसारखे केस ठेवले आणि त्याच्यासारखी पँट शिवून घेतली. ज्या समाजाला चांगले कपडे घातले म्हणून मार खावा लागला, त्या समाजातील पोराने चकचकीत पँट घालून चौकात उभे राहणे याला निव्वळ फॅशन म्हणता येणार नाही.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. या सिनेमांतला गरीब हा नेहमी फक्त गरीब असे. त्याला जात नसे. १९८३ च्या 'कुली'चा नायक इक्बाल होता. १९७७ मध्ये नायक अँथनी होऊन गेला होता. म्हणजे व्यावसायिक हिंदी सिनेमाचा नायक मुसलमान होऊ शकला, ख्रिश्चन होऊ शकला, पण कांबळे, गायकवाड, वाघमारे, साळवे होऊ शकला नाही. मुंबईच्या गोदीत, गिरणीत, रेल्वेत, महापालिकेच्या सफाई खात्यात जी माणसे खरोखर राबत होती, त्यांची आडनावे पडद्यावरच्या कामगाराला मिळाली नाहीत. आपण टाळ्या वाजवल्या त्या आपल्या घामाला, पण घामाच्या मालकाचे नाव बदललेले होते.

समांतर सिनेमाने जात दाखवली, हे मान्य केले पाहिजे. सत्यजित राय यांचा 'सद्गती' १९८१ चा. गौतम घोष यांचा 'पार' १९८४ चा, प्रकाश झा यांचा 'दामुल' १९८५ चा. गोविंद निहलानींच्या १९८० च्या 'आक्रोश'मध्ये अन्याय झालेला आदिवासी लहान्या भिकू आहे. हे सिनेमे प्रामाणिक आहेत, आपल्या तरुणांनी बघावेत असे आहेत. पण त्यांतला शोषित माणूस काय करतो? लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर बोलत नाही. 'सद्गती'तला दुखी पंडिताच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. पडद्यावरचा दलित मुका होता, त्याच वर्षांत रस्त्यावरचा दलित काय करत होता? १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहून गेली होती. नामांतरासाठी बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन तुरुंगात जात होत्या. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. १९७९ मध्ये मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचे 'उपरा', १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळेंचे 'अक्करमाशी', १९८६ मध्ये बेबीताई कांबळेंचे 'जिणं आमुचं'. संपूर्ण समाज बोलायला लागला होता, लिहायला लागला होता. सहानुभूती असलेल्या दिग्दर्शकांनाही त्यातला बोलणारा माणूस दिसला नाही, रडणारा तेवढा दिसला.

आणि सगळ्यात मोठी गैरहजेरी १९८२ ची. रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' आला, त्याला आठ ऑस्कर मिळाले, भारत सरकारच्या महामंडळाचा पैसा त्यात होता. तीन तासांहून मोठ्या त्या सिनेमात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पात्रच नाही. गोलमेज परिषद आहे, पण तिथे गांधींच्या समोर उभा राहिलेला माणूस नाही. शाळाशाळांतून मुलांना रांगा लावून हा सिनेमा दाखवला गेला. एका पिढीने देशाचा इतिहास असा पाहिला. त्याचे उत्तर म्हणता येईल असा जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' पडद्यावर यायला २००० साल उजाडले. अठरा वर्षे! एवढ्या काळात एक मूल मतदार होते.

'बनवाबनवी' आणि भाड्याची खोली

आता मराठी सिनेमा. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आम्ही किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. आमच्या घरात त्यातले संवाद एकाने सुरू करायचे आणि दुसऱ्याने पूर्ण करायचे अशी रीत होती, आजही आहे. सिनेमा उत्तम जमला आहे. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगांवकर, सिद्धार्थ राय, सुधीर जोशी, सगळ्यांची कामे अफलातून. त्यावर आमचे भांडण नाही.

पण त्याची गोष्ट काय आहे? पुण्यात चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार. मग दोघे पुरुष बाया होतात आणि खोली मिळवतात. १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमाचीही हीच कल्पना होती. म्हणजे शहरात भाड्याची खोली मिळत नाही, आणि ती मिळवायची तर आपण जे आहोत ते लपवावे लागते, हा या विनोदाचा पाया आहे.

हा पाया आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्याच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी राहायला जागा शोधतो आणि जात लपवून राहतो. शेवटी जात कळते तेव्हा काय होते, हे ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आजच वाचावे. एकीकडे १९६३ ची कथा, दुसरीकडे १९८८ चा सिनेमा. दोन्हींत खोलीसाठी सोंग घ्यावे लागते. एका सोंगाचा शेवट हास्यात आणि लग्नात होतो, दुसऱ्याचा मारहाणीत. बाई झालेला पुरुष पदर काढून पुन्हा पुरुष होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. जात चोरलेल्या माणसाला ती सोय नाही.

आम्ही एम.ए.ला होतो तेव्हा याच शहरात मित्राबरोबर खोली शोधत फिरलो आहोत. घरमालक पाण्याची वेळ सांगत, भाडे सांगत, मग आडनाव विचारत. आडनावावरून अंदाज आला नाही की गाव विचारत, मग गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारत. एका ठिकाणी सगळे ठरल्यावर आम्ही सामान टाकायला गेलो, पेटीत वर ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर मालकीणबाईंना दिसली आणि त्यांच्या पुण्याच्या भाच्याला अचानक खोली हवी झाली. असे भाचे आपल्यातील अनेकांच्या वाट्याला आले असतील. काहींनी तसबीर कपाटाच्या आतल्या बाजूला लावली, काहींनी निळा रुमाल गावी ठेवला, काहींनी आडनावाऐवजी वडिलांचे नाव पुढे केले. मित्रांनो, ही आपली बनवाबनवी. तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

हा केवळ आमचा अनुभव असेही नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कुठे थेट नकार मिळतो, कुठे जास्त भाडे आणि जाचक अटी लादल्या जातात, हे त्यांनी दाखवून दिले. थोरात सर आपल्या मिलिंदचेच विद्यार्थी. सिनेमा पाहून हसणाऱ्या सगळ्यांनी हाही अभ्यास वाचावा, म्हणजे खोली न मिळण्याची गंमत कुणासाठी गंमत आहे ते कळेल.

रविवारची सकाळ

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. त्या काळाच्या आठवणी सांगताना रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घालत, असे कौतुकाने सांगितले जाते. ते खरेच आहे. आमच्या वस्तीतील जुनी माणसे सांगतात की रविवारी सकाळी विहारात वंदनेला मुले येईनात, म्हणून वंदनेची वेळ बदलावी लागली होती.

पण याच काळात महाराष्ट्रात दुसरे काय चालले होते? १९८७ मध्येच राज्य सरकारने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून जानेवारी १९८८ मध्ये वाद पेटला. ग्रंथाची प्रत जाळली गेली, परिशिष्ट वगळा म्हणून मुंबईत मोर्चा निघाला. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. गटातटांत विभागलेले नेते त्या दिवशी एकत्र आले. मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक धुवून 'शुद्ध' करण्यात आला. स्वतंत्र भारतात, १९८८ साली! शेवटी परिशिष्ट राहिले, पण सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याच्यासोबत छापली गेली.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. राम ही कथा म्हणून दर रविवारी सरकारी वाहिनीवर, कुठल्याही टीपेशिवाय दाखवली गेली. त्याच कथेवर घटनाकारांनी विचारलेले प्रश्न मात्र टीप लावल्याशिवाय छापता आले नाहीत. लोकप्रिय संस्कृतीचे राजकारण म्हणतात ते हेच. ते भाषणातून येत नाही, रविवारी सकाळी चहाबरोबर येते. आणि ते फक्त आपल्यालाच दिसले असेही नाही. मालिका संपत आली तेव्हा वाल्मीकींची उत्तरकथाही दाखवा, या मागणीसाठी पंजाबात सफाई कामगारांनी संप केला आणि सरकारला ती मागणी मान्य करावी लागली. आपल्या वाटा वेगळ्या असतील, पण पडद्यावर कोण दिसते हा पोटापाण्याइतकाच गंभीर प्रश्न आहे, हे त्या कामगारांनी ओळखले होते.

एकाच गळ्यातली दोन गाणी

आता आपल्या हातात काय होते ते पाहू. सिनेमा आपल्या हातात नव्हता, टीव्ही नव्हता, वर्तमानपत्र नव्हते. कॅसेट होती.

पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातील कॅसेट संस्कृतीवर १९९३ मध्ये पुस्तक लिहिले. कॅसेट स्वस्त, तिची प्रत काढणे सोपे, त्यामुळे एका मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान कंपन्यांतून प्रादेशिक, स्थानिक, वेगवेगळ्या समूहांची गाणी बाहेर आली, असे त्यांचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात याचे सगळ्यात जिवंत उदाहरण म्हणजे भीमगीते. भीमराव कर्डकांच्या जलशापासून चालत आलेली परंपरा, वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून वाढवलेली, गायन पार्ट्यांनी रात्ररात्र कव्वालीच्या मुकाबल्यांत जागवलेली. ती ऐंशीच्या दशकात प्लास्टिकच्या डबीत आली आणि आकाशवाणीची परवानगी न घेता घरोघर पोहोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, नंतर आनंद शिंदे, मिलिंद शिंदे. १४ एप्रिलला भडकल गेटला, १४ जानेवारीला विद्यापीठ गेटला, ६ डिसेंबरला दादरला, ऑक्टोबरमध्ये नागपूरला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागत. प्रा. शर्मिला रेगे यांनी हे ओळखले होते. जयंतीच्या मैदानातील पुस्तिका आणि गाणी म्हणजे अंधभक्ती नसून सामान्य माणसांनी उभे केलेले ज्ञानाचे क्षेत्र आहे, हे त्यांनी अभ्यासातून मांडले.

आमच्या आईला अक्षरओळख उशिरा झाली. पण चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, धर्मांतर हा क्रम तिला तोंडपाठ होता, कारण तो तिने गाण्यांतून ऐकला होता. ज्या घरात पुस्तक पोहोचले नाही तिथे कॅसेट पोहोचली. शाहिराचे एक गाणे आपल्या दहा भाषणांच्या तोडीचे, असे बाबासाहेब म्हणत हे आपण ऐकत आलो आहोत. त्याचा अर्थ आम्हाला आईकडे पाहून कळला.

आता या कॅसेट संस्कृतीतला दुभंग पाहा. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी महाराष्ट्रातील प्रत्येक गल्लीत वाजतात. आषाढीला वाजतात, गणेशोत्सवात मंडपात पहिले गाणे त्यांचे लागते. त्याच गळ्याने बाबासाहेबांची गाणी गायली. ती गाणी मात्र वस्तीच्या कमानीबाहेर गेली नाहीत. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे ऐंशीच्या दशकात असे गाजले की सगळ्या जातींच्या वराती त्यावर नाचल्या. नाचताना गायकाची जात कुणी विचारली नाही. पण त्याच वरातीत त्याच गायकाचे भीमगीत लावून पाहा. बँडवाल्याला कुणीतरी येऊन सांगते, 'ते नको, दुसरे वाजव.' म्हणजे आवाज चालतो, करमणूक चालते. 'जयभीम' म्हटले की अडते.

हे अडणे किती भयंकर असू शकते ते आपल्याला माहीत आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांवरील गाण्याची होती आणि त्यावरून वाद झाला, असे समोर आले. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका तरुणाला मारण्यात आले. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. ज्या समाजात गाणे वाजवल्याबद्दल जीव जातो, त्या समाजातील गाण्याला 'केवळ मनोरंजन' म्हणता येत नाही. आणि ज्यांना आपले गाणे वाजवण्यासाठी कधीच कुणाची भीती वाटली नाही, त्यांनाच जुने दिवस निरागस वाटू शकतात.

दोन आक्षेप

असे लिहिले की दोन बाजूंनी आक्षेप येतात, त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप बाहेरचा : 'प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? विनोदी सिनेमा आहे, हसा आणि सोडून द्या.' आमचे उत्तर साधे आहे. जात आम्ही आणत नाही, घरमालक आणतो. आम्ही हसतोच. हसून झाल्यावर खोली शोधायला जातो.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आणि जास्त विचार करण्यासारखा : 'सिनेमा, गाणी, डीजे यांनीच तरुण बिघडले. बाबासाहेबांनी शिका म्हटले, नाचा म्हटले नाही.' यातील कळकळ आम्हाला समजते. कर्णकर्कश आवाजाचा त्रास म्हाताऱ्यांना आणि रुग्णांना होतो हेही खरे. पण संस्कृतीला हीन समजणे ही आपली परंपरा नाही. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी केले, ते स्वतः बाबासाहेबांनी पाहिले. नागसेनवनात वाचनालयाइतकाच रंगमंच महत्त्वाचा मानला गेला. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. आपण करमणूक सोडली तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरे कुणीतरी ती भरते. रविवारच्या सकाळी काय झाले ते वर लिहिलेच आहे.

आणि करमणुकीत शिरून ती आतून बदलता येते, हेही आता सिद्ध झाले आहे. नागराज मंजुळे त्याच ऐंशीच्या दशकात करमाळा तालुक्यात वाढलेला पोरगा, त्याच अमिताभचे सिनेमे बघत मोठा झालेला. २०१३ मध्ये त्याने 'फँड्री' केला. २०२२ मध्ये त्याने 'झुंड' केला. त्यात जयंतीची मिरवणूक आहे, डीजे आहे, आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे आहेत. मोठ्या पडद्यावर हे दृश्य पाहताना आमच्या शेजारी बसलेले साठीचे काका रडत होते. त्यांनी तरुणपणी अमिताभचे पिक्चर खालच्या तिकिटावर पाहिले असणार. त्या नायकाला आपल्या चौकात यायला चाळीस वर्षे लागली, आणि आपल्यातला माणूस कॅमेऱ्यामागे गेल्यावरच तो आला.

मग करायचे काय?

नुसती तक्रार करून थांबणे हा आपला स्वभाव नाही. एक काम आहे, आणि त्याला वेळ फार कमी उरला आहे.

सिनेमे जपले जातात. त्यांच्या मागे कंपन्या आहेत, वाहिन्या आहेत. 'बनवाबनवी' आणखी पन्नास वर्षे दिसत राहील. पण आपल्या कॅसेटचे काय? चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी लागते, ती चिकटते, तुटते. मोठ्या कंपन्यांनी काढलेली गाणी इंटरनेटवर सापडतील. पण नामांतराच्या काळात सभेपूर्वी गायलेली गाणी, वस्तीतल्या रात्रीच्या मुकाबल्यात कुणीतरी साध्या टेपवर भरून घेतलेला सवाल-जवाब, तुरुंगातून सुटून आलेल्या बायांनी रचलेली गाणी, ही त्या एका कॅसेटवरच आहेत. ती कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. घर बांधायला काढले की ती पेटी भंगारात जाते. आमच्या डोळ्यांदेखत गेल्या आहेत.

म्हणून आमचा प्रस्ताव असा :

१. प्रत्येक वस्तीतील जयंती मंडळाने येत्या १४ एप्रिलपूर्वी घरोघर फिरून जुन्या कॅसेट, गायन पार्ट्यांच्या वह्या, पुस्तिका, पोस्टर आणि फोटो यांची यादी करावी. वस्तू मालकाकडेच राहू द्या, यादी आधी करा.

२. चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर शोधा. त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडली की गाणे भरून घेता येते. बुरशी दिसत असेल तर कॅसेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा. खर्च किरकोळ आहे. डीजेच्या बजेटचा विसावा हिस्साही लागणार नाही.

३. गाण्याबरोबर नावे लिहा. गीतकार कोण, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण. आपल्या गीतकारांची नावे अनेकदा वेष्टणावर छापलीच गेली नाहीत आणि वामनदादांची गाणीसुद्धा 'पारंपरिक' म्हणून खपवली जातात. विशेषतः गाणाऱ्या आणि रचणाऱ्या स्त्रियांची नावे शोधा. याच शहरातील कडूबाई खरात एकतारीवर गातात. मोबाईल आला नसता तर त्यांचा आवाज किती जणांपर्यंत पोहोचला असता? ऐंशीच्या दशकात अशा किती कडूबाई असतील, ज्यांच्यासमोर कुणी टेप धरलाच नाही.

४. ज्यांनी तो काळ पाहिला ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना बसवून बोलते करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. लाँग मार्चमध्ये कुठली गाणी म्हटली, कुठला पिक्चर कुठे पाहिला, टीव्ही कुणाच्या दारात उभे राहून पाहिला, सगळे विचारा. मोर्चा आणि मिथुन दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात होते.

५. जे गोळा होईल त्याची एक प्रत वस्तीच्या विहारात, एक गावाकडे आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी. त्या विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून सोळा वर्षे जी गाणी गायली गेली, ती त्याच विद्यापीठात ऐकायला मिळावीत, ही मागणी रास्त आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी पीएच.डी.चा विषय म्हणून ती हाती घ्यावी आणि विद्यापीठ प्रशासनाने त्यासाठी जागा द्यावी.

ऐंशीचे दशक आज ज्यांच्या आठवणींनी भरून गेले आहे, त्यांनी काही कट केलेला नाही. त्यांनी आपल्या आठवणी जपल्या, सांगितल्या, विकल्या. आपल्याकडेही आठवणी आहेत आणि त्या कमी रंगीत नाहीत. त्यांत डिस्को आहे, कव्वाली आहे, लाठीमार आहे, रात्रभर चाललेला व्हीसीआर आहे आणि पहाटे निघालेला मोर्चा आहे. त्या माळ्यावर पडून राहिल्या तर उद्या आपलीच मुले विचारतील की त्या काळात आपण कुठे होतो, आणि दाखवायला आपल्याकडे फक्त दुसऱ्यांचे फोटो असतील.

तुमच्या घरात अशी एखादी पेटी असेल तर या रविवारी ती खाली काढा.

जयभीम! जय संविधान!